टोल्यांचं घड्याळ, ५० हर्ट्झ आणि आम्ही



आमच्या घरी येणारे पाहुणे हल्ली दारातच विचारतात, "नवीन घड्याळ आलं का?" टोकियोच्या टू-एलडीके घरात माणसं तीन आणि घड्याळं सात असली की असा प्रश्न येणारच. गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या दोघातिघांनी "या छंदाबद्दल एकदा लिहाच" असा आग्रह केला, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही घड्याळजी नाही, इंजिनिअरिंग करून आयटीत लागलेली साधी माणसं आहोत. त्यामुळे चुका करत करत जे शिकलो तेच इथे सांगतो आहोत.

सुरुवात झाली ती चुकलेल्या बसने

दोन वर्षं अमेरिकेत प्रोजेक्टवर होतो, तेव्हा एका गराज सेलमध्ये 'टेलेक्रॉन' कंपनीचं स्वयंपाकघरात लावायचं जुनं विजेचं घड्याळ मिळालं. लाल रंग, गोल तबकडी, आणि सेकंद काटा टिकटिक न करता सरकत सरकत फिरणारा. तिथे ते अगदी बिनचूक चालायचं. जपानला बदली झाली तेव्हा कपड्यांत गुंडाळून ते बरोबर आणलं. अमेरिकन प्लगच्या दोन चपट्या पिना जपानी सॉकेटमध्ये बसतात, त्यामुळे ॲडॉप्टरचीही गरज नव्हती. सोमवारी सकाळी साडेसहाला वेळ लावून डबे करायला घेतले.

मुलीच्या योचिएनची बस ८:२५ ला येते, आणि जपानमध्ये ८:२५ म्हणजे ८:२५! घड्याळात ८:१० झाले म्हणून आम्ही निवांत बूट घालायला घेतले. खाली उतरलो तर बस जाऊन पाच मिनिटं झाली होती. घड्याळ दोन तासांत बरोबर वीस मिनिटं मागे पडलं होतं.

घड्याळ बिघडलं म्हणावं तर ते पुढेही अगदी शिस्तीत तासाला दहा मिनिटं मागे पडत राहिलं. इतका नियमित बिघाड हा बिघाड नसतो, त्यामागे कारण असतं. ते शोधता शोधता आम्ही या छंदात ओढले गेलो.

तासाला दहा मिनिटं कुठे गेली?

जुन्या अमेरिकन विजेच्या घड्याळात वेळ मोजणारा लंबक नसतो आणि क्वार्ट्झचा स्फटिकही नसतो. त्यात असते सिंक्रोनस मोटर. घरात येणारी एसी वीज सेकंदाला जितक्या वेळा दिशा बदलून पूर्ण फेरा करते, त्या तालावर ही मोटर फिरते. अमेरिकेत हा ताल ६० हर्ट्झ आहे. म्हणजे घड्याळ केवळ काटे फिरवतं, वेळ मोजण्याचं खरं काम वीजकेंद्र करतं.

ही कल्पना हेन्री वॉरन या अमेरिकन इंजिनिअरची. त्याने घड्याळ तर बनवलं, पण ते बरोबर चालेना, कारण त्या काळी वीज कंपन्यांची फ्रीक्वेन्सीच थोडी कमीजास्त व्हायची आणि त्याची कुणाला पर्वा नव्हती. मग वॉरनने वीजकेंद्रासाठीच एक मोठं घड्याळ बनवलं. त्यात एक काटा लंबकाच्या वेळेवर चाले आणि दुसरा विजेच्या तालावर. दोन्ही काटे एकत्र राहतील अशा बेताने जनित्राचा वेग ठेवायचा, एवढंच ऑपरेटरचं काम. ऑक्टोबर १९१६ मध्ये बोस्टनच्या वीज कंपनीत हे घड्याळ बसलं, आणि त्यानंतर हळूहळू सगळ्या जाळ्याची फ्रीक्वेन्सी शिस्तीत आली. आपल्या भाषेत सांगायचं तर क्लायंट चालावा म्हणून पठ्ठ्याने आधी सर्व्हर सुधारला!

आता जपानची गंमत. १८९० च्या दशकात टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीहून ५० हर्ट्झची जनित्रं आणली आणि ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून ६० हर्ट्झची. ती फाळणी आजही कायम आहे. शिझुओकातली फुजी नदी आणि निइगातातलं इतोइगावा यांच्या आसपासून जाणाऱ्या रेषेच्या पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६०. मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकियोत विजेचा तुटवडा झाला, तेव्हा पश्चिमेकडे वीज असूनही जेमतेम १० लाख किलोवॅटच इकडे आणता येत होती, कारण मधे फ्रीक्वेन्सी बदलणारी केंद्रं तेवढीच होती. २०२१ मध्ये ही क्षमता २१ लाख किलोवॅटपर्यंत वाढली. आपली तोकाइदो शिनकानसेन मात्र टोकियोपासूनच ६० हर्ट्झवर धावते. त्यासाठी रेल्वेने स्वतःची बदल केंद्रं उभारली आहेत.

तर ६० चं घड्याळ ५० वर चालवलं की वेग होतो सहातला पाच भाग. एका तासात ५० मिनिटं, दिवसात चार तास मागे, आणि तीन दिवसांत बरोबर बारा तास. म्हणजे टोकियोत हे घड्याळ तीन दिवसांतून एकदाच बरोबर वेळ दाखवतं. बंद पडलेलं घड्याळ तेवढ्या वेळात सहा वेळा बरोबर असतं. हे लक्षात आलं तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो.

कुठे चालेल, कुठे जळेल?

हा भाग परतीची तयारी करणाऱ्या मंडळींनी नीट वाचावा.

टोकियो (१०० व्होल्ट, ५० हर्ट्झ): घड्याळ मागे पडेल, पण जळणार नाही. मोटरच्या कॉइलवरचा ताण व्होल्टेज भागिले फ्रीक्वेन्सी यावर ठरतो. अमेरिकेत १२० भागिले ६० म्हणजे २, आणि टोकियोत १०० भागिले ५० म्हणजेही २. निव्वळ योगायोग!

ओसाका, कोबे, नागोया (१०० व्होल्ट, ६० हर्ट्झ): वेळ बिनचूक. भागाकार १.६७ येतो, म्हणजे जोर थोडा कमी. मोटर जुनी आणि कोरडी असेल तर सुरू व्हायला कुरकुर करेल.

भारत (२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ): थेट लावलंत तर कॉइल गेलीच. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज ११० केलं तर घड्याळ वाचेल, पण तासाला दहा मिनिटांचा घोळ तसाच राहील. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. थोडं गरमही होईल, तेव्हा लक्ष ठेवा.

आमच्यावरचा उपाय अचानक सापडला. भूकंपाच्या तयारीसाठी जे बॅटरीवाले पोर्टेबल पॉवर स्टेशन आपण घेऊन ठेवतो, त्यातल्या बऱ्याच मॉडेलवर ५० आणि ६० हर्ट्झ निवडायची सोय असते. ६० वर ठेवलं की अमेरिकन घड्याळ टोकियोतही सरळ चालतं. टेलेक्रॉनला वीज लागते दोनतीन वॅटच. अर्थात रोज असं चालवणं म्हणजे कौतुकच झालं; आम्ही ते सणासुदीला आणि पाहुण्यांसाठी करतो.

आणखी एक मजा. हॅमंड नावाच्या अमेरिकन कंपनीची घड्याळं (हो, तेच हॅमंड ऑर्गनवाले) वीज गेली की थांबत आणि वीज आल्यावर हाताने फिरवून सुरू करावी लागत. टेलेक्रॉन मात्र आपोआप सुरू होई. सोय झाली, पण मधे वीज गेली होती हे कळणार कसं? म्हणून तबकडीवर एक छोटी खिडकी ठेवली. वीज जाऊन आली की तिथे लाल ठिपका दिसतो, म्हणजे "माझ्यावर विश्वास ठेवू नका". आपल्याकडच्या लोडशेडिंगच्या काळात तो ठिपका कायम लालच राहिला असता!

जपानला घड्याळाची गरज कधी पडली?

विजेच्या घड्याळाने ठेच लागली, म्हणून मग आम्ही किल्लीच्या घड्याळांकडे वळलो. त्यांना विजेशी काही देणंघेणं नाही, टोकियो काय नि सातारा काय. आणि इथे आणखी एक दालन उघडलं.

१८७३ पूर्वी जपानमध्ये तास सारख्या लांबीचे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त सहा भाग, सूर्यास्त ते सूर्योदय सहा भाग. उन्हाळ्यात दिवसाचा भाग मोठा, हिवाळ्यात छोटा. आपल्याकडचे दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर याच जातीचे. जुन्या जपानी कारागिरांनी हे असमान तास दाखवणारी यांत्रिक घड्याळंही बनवली, त्यांना 'वादोकेई' म्हणतात.

मग मेइजी सरकारने पंचांगच बदललं. मेइजी पाचव्या वर्षातल्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हाच १ जानेवारी १८७३ ठरला आणि २४ समान तास लागू झाले. बारावा महिना अवघा दोन दिवसांचा झाला. सरकारी नोकरांचा त्या महिन्याचा पगार यात वाचला असंही सांगतात. आपला एचआर हे वाचत नसेल अशी आशा!

रेल्वे, शाळा, कचेऱ्या, टपाल, सगळ्यांना नवीन पद्धतीची घड्याळं हवी झाली. अमेरिकेत कनेटिकटच्या परिसरात सेथ थॉमस, अन्सोनिया, वॉटरबरी, न्यू हेवन अशा कंपन्या यंत्रावर पत्रा कापून स्वस्त पितळी घड्याळं ढिगाने बनवत होत्या. ती योकोहामा बंदरातून जपानमध्ये आली. त्यांच्यावरून शिकत जपानी कारखाने उभे राहिले. किन्तारो हात्तोरी यांनी १८८१ मध्ये टोकियोत घड्याळांचं दुकान काढलं आणि १८९२ मध्ये 'सेइकोशा' हा कारखाना. तिथे आधी बनली ती भिंतीवरची घड्याळं. तीच आजची सेइको. नागोयाही घड्याळांचं मोठं केंद्र झालं. गिंझाच्या चौकात ज्या मनोऱ्याखाली आपण सगळे फोटो काढतो, ती इमारत हात्तोरी यांच्या कंपनीनेच १९३२ मध्ये पूर्ण केली. आणि आपल्या लग्नामुंजीत मिळायचं ते एचएमटी घड्याळही १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानेच सुरू झालं होतं.

अमेरिकन घराच्या शेकोटीवर जी फळी असते, तिच्यावर ठेवायचं ते मँटल घड्याळ. जपानी घरात शेकोटी नाही, म्हणून घड्याळ गेलं लाकडी खांबावर आणि नाव पडलं 'हाशिरा-दोकेई', म्हणजे खांबावरचं घड्याळ. बोलीत 'बोन-बोन दोकेई', टोल्याच्या आवाजावरून. आपल्याकडे ते गेलं माजघराच्या नाहीतर दिवाणखान्याच्या भिंतीवर आणि झालं टोल्यांचं घड्याळ. मुंबईच्या चोर बाजारात आजही अन्सोनिया आणि सेइकोशा शेजारी शेजारी टांगलेली दिसतात.

विकत घेताना काय पाहायचं?

आम्ही बहुतेक घड्याळं देवळांच्या आवारातल्या जुन्या बाजारांतून घेतली. क्योतोत तोजी देवळाचा बाजार दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूचा २५ तारखेला भरतो. टोकियोतला सेतागायाचा बोरोइची १५ आणि १६ डिसेंबर व जानेवारीला असतो, आणि तो १५७८ पासून चालू आहे! सेकंडहँड दुकानांत 'जंक' लिहिलेला कोपरा असतो. तिथलं घड्याळ परत घेत नाहीत, पण आमची दोन उत्तम घड्याळं तिथलीच.

१. किल्ली आणि लंबक बरोबर आहेत का? नसतील तर भाव पाडा. वेगळे मिळतात, पण मापाचे शोधावे लागतात.

२. किल्लीची भोकं दोन असतील तर एक चालण्याचं आणि दुसरं टोल्यांचं. किल्ली हलकेच फिरवून पाहा. कटकट असा आवाज येऊन किल्ली जागच्या जागी धरली गेली तर ठीक. सटकत असेल तर सोडून द्या.

३. पेटी आणि आतलं यंत्र एकाच घड्याळाचं आहे का? आत जुन्या स्क्रूची रिकामी भोकं दिसली तर समजा धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं.

४. विजेचं घड्याळ असेल तर वायर आधी पाहा. रबर तडकलं असेल तर बदलल्याशिवाय प्लग लावू नका.

५. काळोखात चमकणाऱ्या काट्यांची १९६० च्या आधीची घड्याळं लहान मुलं असलेल्या घरात उघडू नका. त्या रंगात रेडियम असायचं. चमक गेली तरी रेडियम जात नाही.

६. सेथ थॉमसच्या जुन्या मँटल घड्याळांवर संगमरवरासारखा दिसणारा थर असतो, तो सेल्युलॉइडचा. समईपासून आणि उदबत्तीपासून लांब ठेवा, लगेच पेट घेतो.

घरी आणल्यावर

भूकंपाचा देश आहे, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाला भक्कम हूक आणि टेबलावरच्याला खाली चिकट जेलचे तुकडे. हे झाल्याशिवाय किल्ली नाही.

मागे पडत असेल तर लंबकाचा गोळा वर घ्यायचा, पुढे जात असेल तर खाली. अगदी थोडा. साधारण २५ सेंटिमीटरचा लंबक एका सेकंदात जाऊन परत येतो, आणि त्याची लांबी पाव मिलिमीटर बदलली तर दिवसाला ४३ सेकंदांचा फरक पडतो. एकदा बदल केला की एक दिवस थांबा.

काटे कधीही उलटे फिरवू नका. या घड्याळांतली टोल्यांची चकती वेळ पाहत नाही, फक्त मागच्यापेक्षा एक टोला जास्त देते. उलटसुलट केलं की पाच वाजता आठ टोले पडतात.

आतली स्प्रिंग उघडायचा मोह टाळा. भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फोडते. ते काम जाणकाराचं.

आणि टोल्यांचं गणित करून ठेवा. दर अर्ध्या तासाला एक धरला तर दिवसाला १८० टोले होतात. इथल्या पातळ भिंतींच्या घरात शेजाऱ्यांचा विचार करायलाच हवा. आम्ही हातोडीच्या टोकाला कापडाचा तुकडा बांधला आणि केकचा डबा घेऊन शेजारच्या आजींकडे माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "बोन-बोन दोकेई ना? आमच्या घरी होतं लहानपणी. दुपारी तीनचे टोले काढू नका, मी तेव्हा चहा करते."

सर्वांत महत्त्वाचं: कान

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख खरं तर लिहायला घेतला ती सांगतो.

लंबकाच्या घड्याळाची टिक आणि टक यांच्यात सारखं अंतर हवं. टिक... टक... टिक... टक... असं. घड्याळ किंचित जरी कलतं असेल तर ते टिक-टक...... टिक-टक...... असं लंगडत चालतं आणि काही मिनिटांत थांबतं. त्यात मोडलेलं काहीही नसतं. पेटीचं खालचं टोक एका बाजूला केसभर सरकवायचं, कान लावून ऐकायचं आणि ताल जुळला की तिथे ठेवायचं. बस्स.

बाजारातून आणलेलं पहिलं सेइकोशा तीनदा थांबलं, तेव्हा आम्ही हे शिकलो. आणि ताल जुळल्यावर दोघंही एकदम गप्प झालो.

साताऱ्याच्या घरी आजोबांचं टोल्यांचं घड्याळ होतं. दर रविवारी अंघोळ करून आजोबा स्वतः किल्ली द्यायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आजोबा गेले, त्या वर्षी घराला रंग काढला. घड्याळ उतरवून पुन्हा लावलं तर चालेना. पाच मिनिटं चालायचं आणि थांबायचं. "आजोबांबरोबर घड्याळही गेलं," असं सगळे म्हणाले, आणि कुणी पुढे विचारच केला नाही. काही वर्षांनी वाडा बिल्डरला दिला तेव्हा ते भंगारात गेलं, पितळेच्या भावाने.

आता पक्कं सांगता येणार नाही, कारण घड्याळच नाही. पण रंगकामानंतर खिळा बदलला होता आणि ते पाच मिनिटं चालून थांबत होतं, एवढं आठवतं. बहुधा ते केवळ कलतं लागलं होतं.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुमच्या गावच्या घरी असं बंद पडलेलं घड्याळ असेल तर पुढच्या व्हिडिओ कॉलमध्ये कुणाला तरी त्याच्यासमोर उभं करा. किल्ली द्या, लंबक हलवा, फोन जवळ धरून ऐका आणि पेटी थोडी इकडे तिकडे सरकवायला सांगा. तरीही थांबलं तर बहुतेक वेळा आतलं तेल वाळलेलं असतं, साफसफाईने काम होतं. आणि इकडे आणायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षं जुन्या वस्तूंना भारताचा १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या. खरं सांगायचं तर ते तिथेच चालू राहिलं तर जास्त बरं.

घड्याळं पाहायची हौस असेल तर गिंझातलं सेइको म्युझियम आणि नागानोतल्या मात्सुमोतोचं घड्याळ संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. १० जूनला जपानमध्ये 'वेळेचा दिवस' असतो, १९२० पासून. त्याचं निमित्त करून गेलात तर उत्तम.

आमच्या घरी आता रविवारी अंघोळ झाली की किल्ली द्यायचा मान मुलीचा. स्टुलावर उभी राहून किल्ली देते आणि टोले मोजते, एक, दोन, तीन... शाळेत जपानी, टीव्हीवर इंग्रजी, पण टोले मात्र मराठीतच मोजायचे हा तिचाच नियम आहे. आजोबांसारखी तीही दुसऱ्या कुणाला किल्लीला हात लावू देत नाही.

कधी आमच्याकडे आलात तर दुपारी तीनच्या सुमारास या. टोलेही ऐकायला मिळतील आणि चहाही तयार असेल.